माळव्याची रात्र आणि मोहल्ल्याचा मंच

बनारसची पहाट, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं उत्तर हिंदुस्थानात फार पूर्वीपासून म्हणतात. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलं आहे. वैशाखात दुपारी पारा चाळिशीच्या पुढे जातो, रस्ते ओस पडतात. पण दिवस मावळला की वारा सुटतो आणि माणसं ओटल्यावर, गच्चीवर, चौकात येऊन बसतात. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. रात्री घराबाहेर रमणारं असं शहर देशात क्वचितच सापडेल. तरीही उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात, तिकीट न लावता, उघड्यावर काही सादर होणं आणि त्या निमित्तानं शेजारपाजार एकत्र येणं आता पूर्वीइतकं सहज राहिलेलं नाही.

हे सगळं आपोआप घडत होतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दरी कुणीतरी आणलेली असते, कंदिलाचं तेल कुणाच्या तरी घरून आलेलं असतं, कलावंतांना कुणीतरी जेवू घातलेलं असतं. प्रेक्षकाला जे फुकट मिळतं त्याचा खर्च कुणीतरी उचललेला असतोच. तो कुणी उचलला, यावर शेजार जुळतो की नुसती गर्दी जमते हे ठरतं असं मला वाटतं. या अंगानं इंदूरकडे आणि आसपासच्या मुलखाकडे पाहिलं तर बरंच काही हाती लागतं.

सुरुवात माचापासून करायला हवी. माच हे माळव्याचं लोकनाट्य. त्याचं मूळ गाव उज्जैन, आणि एकोणिसाव्या शतकात त्याला घडवणारे म्हणून बालमुकुंद गुरूंचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. आपल्याकडच्या शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष सवाल-जबाब करत, तीच तुर्रा-कलगीची परंपरा माळव्यातही होती आणि माचाची घडण तिच्यातूनच झाली. त्यामुळे मराठी माणसाला माच परका वाटत नाही. होळीचा सुमार हा माचाचा हंगाम. खेळाच्या काही दिवस आधी मोकळ्या जागेत पूजा करून खांब रोवायचा. तो दिसला की या वर्षी इथे माच होणार हे सगळ्या वस्तीला कळे. मग लाकडी मंच उभा राही. त्याला पडदा नाही, विंगा नाहीत. लोक खाली बसत, आजूबाजूच्या ओट्यांवर आणि छपरांवर चढत, आणि खेळ रात्रभर चाले. राजा हरिश्चंद्र, ढोला-मारू, हीर-रांझा या कथा सगळ्यांना पाठ असत.

माचाच्या प्रारंभीचा भाग फार बघण्यासारखा असतो. कथेतला राजा किंवा राणी यायच्या आधी चोपदार येतो, भिश्ती येतो, फर्रासन येते. भिश्ती धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी शिंपडल्याचा अभिनय करतो आणि त्याबरोबर गातो. फर्रासन जाजम अंथरते, तिचंही गाणं असतं. म्हणजे खेळाआधी जागा तयार करणाऱ्या माणसांना खुद्द खेळात, मंचावर, पहिलं स्थान दिलेलं आहे. उन्हाळ्यात उघड्यावर काही करायचं तर सगळ्यात आधी पाणी मारावं लागतं आणि बसायची सोय करावी लागते, हे ज्यांना रोजच्या अनुभवातून ठाऊक होतं त्यांनीच हे रचलेलं आहे. मागे बसलेले साथीदार मुख्य गायकाची ओळ उचलतात. त्याला टेक झेलणं म्हणतात. ढोलकचा ठेका आणि सारंगीचा सूर असला की एवढ्यावर रात्र निघे. गुरू, त्याचा आखाडा आणि त्या आखाड्याचा मोहल्ला हे एकमेकांत गुंतलेले होते. आपल्या आखाड्याचा माच दुसऱ्यापेक्षा सरस व्हावा म्हणून मोहल्ला झटत असे. पुढे सिद्धेश्वर सेन यांच्यासारख्या माचकारांनी नवे विषय आणले आणि माच महोत्सवांच्या रंगमंचावर पोहोचला. तिथे तो दीड-दोन तासांचा झाला. कला वाचली याचं समाधान आहेच, पण खांब रोवणारी वस्ती तिच्यामागे उरली नाही.

या जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना तिच्यातलं वाईटही सांगितलं पाहिजे. स्त्री-भूमिका पुरुषच करत. उघड्यावर बसायलाही जातीची उतरंड सुटत नसे. कोण पुढे, कोण मागे, कोण अगदी कडेला, हे गावरीतीनं ठरलेलं असे. ‘सगळा गाव एकत्र यायचा’ असं जेव्हा वडीलधारे सांगतात तेव्हा त्या ‘सगळ्या’त कोण नव्हतं, हे विचारलंच पाहिजे.

मराठी वस्तीची गोष्ट थोडी वेगळी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि दरबाराबरोबर पुरोहित, कारकून, शिलेदार, गवई, कीर्तनकार असा मोठा मराठी समाज इथे स्थिरावला. चैत्रातल्या रामनवमीचं कीर्तन हा या समाजाचा उन्हाळ्यातला पहिला सार्वजनिक कार्यक्रम. कीर्तनाला तिकीट नसतं, आरतीच्या ताटात जे पडेल ते. अनंत फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरलं ते अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून, अशी आख्यायिका मराठी शाहिरीच्या इतिहासात सांगतात. ती खरी असो वा नसो, महेश्वर-इंदूरच्या वातावरणात कीर्तनाला केवढा मान होता हे तीतून कळतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला बायका घरोघर जात, त्याच वाटेवर देवळातलं कीर्तन लागे.

खुद्द महाराष्ट्रात उन्हाळा म्हणजे जत्रांचा हंगाम. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला दरवर्षी पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, फडमालकाशी बोलणी करतात, सुपारी देऊन तारीख पक्की करतात. जत्रेत तमाशा बघणाऱ्याला पैसे पडत नाहीत, कारण गावानं घरटी वर्गणी काढून सुपारी आधीच दिलेली असते. माझ्या मते फुकट खेळाची सगळ्यात निरोगी रीत हीच. कलावंताला मोबदला ठरलेला, प्रेक्षकाला दार उघडं आणि मध्ये उभं असलेलं गाव दोघांना बांधील. खेळ पडला तर पुढच्या वर्षी गाव दुसरा फड शोधणार, आणि वर्गणी ज्यानं दिली तो पुढे बसून हक्कानं टाळी वाजवणार.

शहरात गावाची ही जागा काही काळ गिरण्यांनी घेतली. इंदूरची पहिली कापड गिरणी दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात निघाली. पुढे मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण या गिरण्या आल्या आणि परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर या कामगार वस्त्या फुलल्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक निघते, तिला आता सुमारे शंभर वर्षं झाली. हा कार्यक्रम भाद्रपदातला, उन्हाळ्यातला नव्हे. पण आपल्या प्रश्नाला यातून फार मोलाचं उत्तर मिळतं. झांकी कामगार स्वतः बनवत. सुतार, फिटर, वायरमन हे सगळे गिरणीतलेच. मोटारीवर फिरणारी चाकं, हलणारे पुतळे, दिव्यांच्या माळा यांत त्यांचं कसब दिसे. पैसा मालकाचा आणि कामगारांच्या वर्गणीचा. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, बाकीच्याही एकामागून एक गेल्या. कामगारांची थकबाकी मिळायला २०२३ साल उजाडलं. तीन दशकांहून अधिक काळ ज्यांच्या हाती त्यांचे हक्काचे पैसे पडले नाहीत, त्या कामगारांच्या समित्यांनी झांकी मात्र थांबू दिली नाही. चंदा गोळा केला, महापालिका आणि विकास प्राधिकरणाकडून मदत मिळवली, आणि रात्रभर रस्त्याच्या दुतर्फा बसलेल्या लोकांपुढून झांकी नेली. मालकाचा पैसा आटल्यावरही कार्यक्रम तगला, तो ज्यांच्या हातांनी घडत होता ते हात तिथेच राहत होते म्हणून.

मुंबईच्या गिरणगावात हेच दुसऱ्या रूपात झालं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारलं आणि चाळींच्या पटांगणांतून, मैदानांतून लोकनाट्यं केली. त्याआधीच आंबेडकरी जलसे वस्त्यांतून फिरू लागले होते. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं ठळक नाव. ज्यांना गावच्या खेळात कडेला बसावं लागे त्यांनी या जलशांत स्वतःचा मंच मांडला, आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला.

त्या जलशांचा वारसा पाहायचा तर इंदूरकरांनी पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या महूला १४ एप्रिलला जावं. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली तिथल्या लष्करी छावणीत झाला. भर चैत्राच्या उन्हात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून रेल्वेनं, ट्रकनं, बसनं लोक येतात. रात्री भीमगीतं होतात. मंचावर मराठी, समोर मराठी आणि हिंदी दोन्ही. वामनदादा कर्डकांची परंपरा सांगणारे गायक असतात, त्यांच्या शेजारी माळवीत गाणारी मंडळीही असतात. गावातले लोक पाहुण्यांच्या जेवणापाण्याची व्यवस्था करतात. इंदूरच्या सांस्कृतिक वर्तमानपत्री आढाव्यांत या रात्रीला तिच्या मानानं फारच कमी जागा मिळते, हे मला खटकतं. या मुलखातला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा विनामूल्य, उघड्यावरचा गाण्याचा मेळा बहुधा हाच असेल.

देवासचं उदाहरण लहान आहे, पण मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. माळव्यात कबीर गाणाऱ्या मंडळ्या गावोगाव आहेत. तंबोरा, ढोलक, मंजिरी घेऊन रात्र-रात्र गातात. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात देवासला येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांच्या कानावर याच परिसरातली लोकगीतं आणि निर्गुणी भजनं पडली. १९९१ मध्ये ‘एकलव्य’ या संस्थेनं देवासला कबीर भजन आणि विचार मंच सुरू केला. दर महिन्याच्या २ तारखेला आसपासच्या गावांतल्या मंडळ्या जमत. एका मंडळीनं भजन गायचं आणि मग त्यातल्या अर्थावर सगळ्यांनी बोलायचं. तुम्ही जे गाता ते जातीबद्दल, कर्मकांडाबद्दल काय सांगतं, आणि तुमच्या गावात काय चालतं, असे अवघड प्रश्न निघत. हा मंच सात-आठ वर्षं चालला. पद्मश्री प्रल्हादसिंह टिपानियांसारखे गायक याच भूमीतून देशभर पोहोचले. गाणं संपल्यावर लोक लगेच उठून गेले नाहीत, थांबले आणि एकमेकांशी बोलले, हे या प्रयोगाचं सर्वांत मोठं यश मी मानतो.

आजच्या इंदुरात मोठे कार्यक्रम भरपूर आहेत. मे महिन्याच्या सुमारास लालबाग राजवाड्याच्या परिसरात मालवा उत्सव भरतो. लोकसंस्कृती मंच तो भरवतो. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली लोकनृत्यं एकाच मंचावर येतात, हस्तकलेची दुकानं लागतात, शहर लोटतं. १९०४ सालच्या गांधी हॉलच्या आवारातही मेळे होतात. सानंद न्यासाची मराठी नाटकं सभासदांच्या वर्गणीवर बंदिस्त सभागृहात होतात, एकेका नाटकाचे अनेक प्रयोग लागतात. महाराष्ट्राबाहेर मराठी नाटकाला इतका नेमका आधार देणारी दुसरी व्यवस्था शोधूनच काढावी लागेल. यातलं काहीही कमी महत्त्वाचं नाही. पण लालबागेत दहा हजार माणसांत बसलेले आपण शेजारच्याला ओळखत नसतो, आणि सभागृहात भेटतात ते आपल्यासारखेच मराठी, आपल्यासारखेच सभासद. सुदामानगरच्या एका गल्लीतल्या मराठी आजींना समोरच्या निमाडी कुटुंबाशी, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांशी, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी एका सतरंजीवर बसवणारा कार्यक्रम यातून होत नाही. तो मोहल्ल्यातच करावा लागतो.

तो होतोही, जिथे कुणी मनावर घेतं तिथे. मे महिन्यात मुलांची बालनाट्य शिबिरं होतात. शेवटच्या दिवशी कॉलनीच्या बागेत प्रयोग ठेवला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. दुपारीच बागेला पाणी मारलेलं असतं, त्यामुळे मातीचा वास येत असतो. टेंटवाल्याकडून दोन दिवे आणि दऱ्या, खुर्च्या मात्र ज्याच्या त्याच्या घरून. प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं घर नंबर लिहिलेला. माठावर ओलं फडकं, शेजारी पन्ह्याची पिंपं. राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा, आणि तो घातलेला मुलगा संवाद विसरला की पहिल्या रांगेतली निम्मी मुलं एकदम सांगतात. ज्यांचं मूल नाटकात नाही असेही येतात, कारण आवाज खिडकीतून ऐकू येतो. प्रयोगानंतर खुर्च्या परत करताना माणसं अशा घरांची दारं वाजवतात जिथे ती कधी गेली नव्हती.

पैशाच्या प्रश्नाला न्यूयॉर्कनं दिलेलं उत्तर सांगण्याजोगं आहे. जोसेफ पॅप हा नाट्यदिग्दर्शक सेंट्रल पार्कात शेक्सपियरची नाटकं विनामूल्य करत असे. १९५९ मध्ये उद्यानांचे सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी आग्रह धरला की तिकीट लावा, प्रेक्षकांमुळे हिरवळ खराब होते, तिचा खर्च निघाला पाहिजे. पॅप अडून बसला आणि न्यायालयात जिंकला. १९६२ मध्ये त्याच बागेत डेलाकोर्ट हे उघडं नाट्यगृह उभं राहिलं. तिथली नाटकं आजही विनामूल्य आहेत. पॅपचा हट्ट योग्यच होता. पण मोझेसचा प्रश्नही खोटा नव्हता. हिरवळ तुडवली जाते, कचरा होतो, माळ्याला आणि सफाई कामगाराला दुसऱ्या दिवशी जास्त राबावं लागतं. आपल्याकडेही तो खर्च धरलाच पाहिजे. कोलकात्याच्या कर्झन पार्कात बादल सरकारांनी दिवे, नेपथ्य, ध्वनिक्षेपक सगळं टाकून दिलं, खर्च जवळजवळ शून्यावर आणला आणि प्रेक्षकांनी खुशीनं दिलेल्या पैशांवर नाटक केलं. मोहल्ल्यासाठी मला हा मार्ग जास्त जवळचा वाटतो.

अडचणी खऱ्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासमारंभासाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्रभराचा माच किंवा तमाशा यात बसत नाही, म्हणून काही मंडळी या नियमावर चिडतात. मी नियमाच्या बाजूनं आहे. प्रत्येक गल्लीत एखादा आजारी माणूस असतो, पहाटे पाळीवर जाणारी नर्स असते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं तर या शहरात खोल्याखोल्यांतून आहेत. त्यांची झोप मोडून शेजार जुळत नाही. मे महिन्यात इंदुरात सातच्या सुमारास सूर्य मावळतो. सव्वासातला सुरू करून पावणेदहाला आवरलं तर कीर्तन, एकांकिका, माचाचा तासाभराचा खेळ, कबीराची दहा-बारा भजनं, सगळं बसतं. बायकांना आणि लहान मुलांच्या आयांना तीच वेळ सोयीची असते. पन्नास-साठ माणसांना बिनमाईकचा आवाजही पुरतो.

दुसरी अडचण जागेची. मोकळ्या जागेवर गाड्या उभ्या राहतात, बागेला रात्री कुलूप लागतं. सिमेंटचे रस्ते आणि भिंती दिवसभराचं ऊन धरून ठेवतात, त्यामुळे वस्तीतली रात्र आता पूर्वीसारखी लवकर निवत नाही. झाडं असलेली बाग म्हणूनच महत्त्वाची. तिसरी अडचण मंचावर चढू पाहणाऱ्या पुढाऱ्यांची. सत्कार, हार आणि भाषणं यांत पाऊण तास गेला की मुलं झोपी जातात आणि लोक पांगतात. फलकावर ज्याचा फोटो मोठा, कार्यक्रम त्याचा होतो. मोहल्ल्याचा उरत नाही. घरटी पन्नास-शंभर रुपये काढून हे टाळता येतं. देऊ न शकणाऱ्या घरानं सतरंजी आणली, पाणी भरलं, तरी ती वर्गणीच समजावी.

महापालिकेकडून फार काही नको. ठरलेल्या शनिवारी बाग दहापर्यंत उघडी, एक वीजजोड, पाण्याचा टँकर, आणि अर्जासाठी पाच खिडक्यांऐवजी एक खिडकी. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलेल्या या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लागली, ती दारोदार जाऊन, गल्लीगल्लीत बोलून. ज्या शहराला एवढं जमलं त्याला उन्हाळ्यातल्या चार शनिवारांचं नियोजन अवघड नाही. कार्यक्रमानंतर जागा झाडून ठेवायची जबाबदारी मात्र पाहणाऱ्यांचीच असावी. आणि कलावंताला मानधन द्यावं, थोडं का होईना. स्थानिक आहे म्हणून फुकट गा, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

गुढीपाडव्यापासून ३१ मेच्या अहिल्याबाईंच्या जयंतीपर्यंत, म्हणजे पाऊस येण्याआधी, बऱ्याच संध्याकाळी हाताशी असतात. आपल्या रहिवासी संघाच्या सचिवांना या आठवड्यात भेटा, एक शनिवार ठरवा, एका कीर्तनकाराला किंवा भजनी मंडळीला विचारा. आणि पहिलं आमंत्रण मागच्या गल्लीतल्या, ज्यांचं नावही आपल्याला माहीत नाही अशा घरी स्वतः जाऊन द्या.